चढावरचं शेवटचं घर

आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत. मोठ्या रस्त्यापासून गल्ली चढत जाते आणि चौदाव्या घराशी संपते. पहिल्या घराचा उंबरा आणि चौदाव्याचा उंबरा यांत साडेअकरा फुटांचा फरक आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन गवंडी पातळी बघतात, तशी ती मी एका रविवारी बघितली होती. मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. लांबी, रुंदी, वजन, इंचात किती धागे, हे दिवसभर मोजायचं आणि लिहायचं. सत्तावीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही मोजत राहतो. बायको म्हणते, तुम्ही भाताची शितंसुद्धा मोजून खाता. ते खरं नाही. कुकरच्या शिट्ट्या मात्र मी मोजतो.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं. सोलापूरकराला यात नवल वाटणार नाही आणि पुण्यातल्या माझ्या मेव्हण्याला ते अजून खरं वाटत नाही. पाण्याच्या दिवशी लग्नाला जायचं नाही, दवाखान्याची वेळ घ्यायची नाही, घरात एका तरी माणसाने थांबायचं, हे इथं लहानपणीच अंगवळणी पडतं. नळाला थेट मोटार लावणं नियमात बसत नाही. आमच्या गल्लीत तेरा घरांनी ती लावली आहे आणि त्यांत माझंही घर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा वाटा आहे.

मोटार नव्हती ती फक्त चौदाव्या घराला. तिथं अक्का राहायची. साठीच्या आसपासची, माहेर अक्कलकोटकडचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी माढ्याला दिलेली. दोन खोल्यांचं घर तिच्या स्वतःच्या नावावर होतं. कडक भाकरी करणं हा तिचा धंदा. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मग धगीला लावून पापडासारखी कडक होऊ द्यायची. रोज दीडशे भाकरी व्हायच्या. दुपारी पाटीत रचून, वर फडकं बांधून ती त्या नवी पेठेतल्या दोन दुकानांत पोचवायची. या कामाला पाणी किती लागतं हे एकदा तिनेच मला हिशेबवार सांगितलं होतं. पीठ मळायला लागतं त्याच्या तिप्पट पाणी परात, तवा, हात आणि फडकी धुण्यात जातं. पाच दिवसांना सहा पिंपं. तिचा नळ अंगणातल्या गुडघाभर खड्ड्यात होता, कारण जमिनीवरच्या नळापर्यंत पाणी चढतच नसे. खड्ड्यात उतरून कळशी भरायची, वर यायचं, पिंपात ओतायची.

तेरा मोटारी चालू असल्या की चढावर थेंब जात नाही. म्हणून गल्लीने फार पूर्वी एक रीत घालून घेतली होती. पाणी आलं की सगळ्यांनी मोटारी लावायच्या. चाळीस मिनिटं झाली की आमच्या समोरचे निवृत्त एसटी कंडक्टर दारात येऊन शिट्टी मारायचे. शिट्टी झाली की टाकी भरलेली असो नसो, मोटार बंद. मग सगळं पाणी वर अक्काकडे जायचं. कुणी मोटार चालूच ठेवली तर कंडक्टर त्याच्या दारापुढे उभे राहून विचारायचे, पुढच्या स्टॉपचं तिकीट काढलंय का? तेवढं पुरे व्हायचं.

गल्लीच्या तोंडाला पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. तो उघडायला आणि बंद करायला चावीवाला यायचा. उंच लोखंडी चावी सायकलला आडवी बांधलेली. शिट्टी झाली की तो पहिल्या घराच्या कट्ट्यावर बसून चढावर बघत राहायचा. सहावं पिंप भरलं की अक्का दारात येऊन हात वर करायची आणि मग त्याची चावी फिरायची. कधी उशीर झाला तर तो कुरकुरायचा, पण हात वर झाल्याशिवाय त्याने कधी पाणी बंद केलेलं मला आठवत नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्याच्या कामाच्या कागदावर फक्त एवढंच असायचं, की या गल्लीला दीड तास.

मी वही ठेवत होतो. पाणी किती वाजता आलं, शिट्टी किती वाजता झाली, माझ्या टाकीत किती इंच चढलं. चार वर्षांच्या नोंदी, एकही पाण्याचा दिवस न चुकवता. मी गावाला गेलो तर बायको लिहायची. तिच्या नोंदी पाच मिनिटांच्या पटीत असायच्या, त्यावरून आमचे वाद व्हायचे.

मग पाणी वाटायची नवी योजना आली.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. पडद्यावर धरणाचं चित्र, लांबून येणारी जलवाहिनी, वाटेत गळणारं पाणी, ते चढवायला लागणारी वीज. पाणी खात्यातल्या एक तरुण अभियंता बाई बोलत होत्या. त्या चांगलं बोलल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला एक यंत्र बसणार, ते किती पाणी जातंय आणि किती दाबाने जातंय हे क्षणाक्षणाला मोजणार. व्हॉल्व्ह आपोआप उघडणार आणि बंद होणार. कुठल्या गल्लीला किती वेळ लागतो हे संगणक स्वतः शिकत जाणार आणि जिथं गरज संपली तिथलं पाणी जिथं गरज आहे तिथं वळवणार. आपल्या नातवंडांना पाणी उरायचं असेल तर अंदाजाने वाटप करून चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला ते वाक्य फार आवडलं. अंदाज या शब्दावर माझा पहिल्यापासून राग आहे.

लोक फारसे खूश नव्हते. मोटारी पकडल्या जातील अशी भीती होती. मी उठून बोललो. आकडे दिसायला लागले की वशिला संपतो, असं काहीतरी मी म्हणालो, आणि आमच्या गल्लीने पहिल्या टप्प्यात नाव द्यावं असा आग्रह धरला. माझ्या मागे अक्का बसली होती. ती बसूनच म्हणाली, "पाणी कवा सोडायचं ते मशीनला कळंल की. पर थांबायचं कवा, ते त्याला कोन सांगनार?"

बाई हसून म्हणाल्या, तेच तर ते शिकतं, आजी. मीही मागे वळून अक्काला समजावलं, की त्याला सगळं कळतं, वापरावरून. अक्का म्हणाली, "बरं. तुमी बगितलंय म्हंजी झालं, अण्णा." ती मला अण्णा म्हणायची. पंधरा वर्षं म्हणत होती.

नंतर खात्याकडून एक फॉर्म आला. यंत्र शिकायला सुरुवात कुठून करणार, तर गल्लीच्या आजवरच्या माहितीवरून. पाणी येण्याची सरासरी वेळ, सर्व घरांचं भरणं पूर्ण व्हायला लागणारा सरासरी वेळ. बहुतेक गल्ल्यांनी काहीतरी ठोकून दिलं असणार. मी चार वर्षांच्या नोंदींची सरासरी काढली, दोनदा तपासली, आणि वहीच्या झेरॉक्स जोडल्या. अभियंता बाईंनी स्वतः फोन करून आभार मानले. अशी माहिती आम्हाला एकाही गल्लीकडून मिळालेली नाही, असं त्या म्हणाल्या. तो फोन मी घरात दोनदा सांगितला.

सुरुवातीचे तीन-चार महिने चांगले गेले, हे मी नाकारत नाही. पाणी कधी येणार याचा निरोप मोबाइलवर आदल्या दिवशी यायचा आणि पाणी त्या मिनिटाला यायचं. पलीकडच्या चौकात वर्षानुवर्षं जमिनीखाली गळत असलेली जागा यंत्राने दाखवली आणि ती दुरुस्त झाली. चावीवाल्याला बागखात्यात पाठवलं. मोबाइलच्या ॲपमध्ये आमच्या गल्लीच्या नावापुढे हिरवं पान आलं, म्हणजे पाणी जपून वापरणारी गल्ली. मी ते कंडक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पान आलंय, फळ कधी येतंय बघू.

वेळ कमी होत होता. मी तो लिहीतही होतो. नव्वद मिनिटांची ब्याऐंशी झाली, मग चौऱ्याहत्तर, मग पासष्ट. प्रत्येक वेळी थोडी. माझी टाकी शिट्टीपर्यंत पूर्वीइतकीच भरत होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, बघा, उगाच सोडलं जाणारं पाणी वाचतंय. हे मी त्या वेळी वहीच्या समासात लिहिलेलं आहे. खोडलेलं नाही.

मला कळलं ते भाकरीवरून. आम्ही अक्काकडून आठवड्याला दहा भाकरी घ्यायचो. एका दिवशी बायको म्हणाली, भाकरी खारट लागतेय. मी म्हटलं मीठ जास्त पडलं असेल. ती म्हणाली, कडक भाकरीत अक्का मीठ घालतच नाही. दोन आठवड्यांनी भाकरी पाटीतच तुकडे होऊन आली. बायको वर जाऊन बघून आली. सहापैकी चार पिंपं पालथी होती. अक्का हातगाडीवर चार-चार घागरी घालून मोठ्या रस्त्यापलीकडच्या बोअरचं पाणी आणत होती. ते पाणी इतकं खारं आहे की त्याने साबणाला फेस येत नाही. नवी पेठेतल्या एका दुकानदाराने माल परत केला होता आणि दुसऱ्याने निम्मा करायला सांगितलं होतं. हे दोन महिने चाललं होतं. बायकोने विचारलं, सांगितलं का नाही, तर अक्का म्हणाली, अण्णा रोज लिवतात की, त्यांच्या ध्यानात आलंच आसंल.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून वही घेऊन पाणी खात्याच्या कार्यालयात गेलो. अभियंता बाईंनी ओळखलं, बसवलं, चहा सांगितला. मी सांगितलं, चौदाव्या घरी पाणी पोचत नाही. त्यांनी पडद्यावर आमची गल्ली काढली. एक निळी रेघ होती. ती सुरुवातीला उंच जायची, तशीच सपाट चालायची आणि बरोबर चाळिसाव्या मिनिटाला कोसळायची. मग तळाशी बारीक धार.

त्या म्हणाल्या, "हे बघा, चाळीस मिनिटांनी तुमच्या गल्लीची मागणी संपते. त्यानंतरचं पाणी वापरात नाही, असं ते धरतं. म्हणून तो वेळ ते हळूहळू कापतंय."

मला लगेच कळलं. ती मागणी संपलेली नव्हती. ती कंडक्टरांची शिट्टी होती. तेरा घरं एका मिनिटात हात आखडून घेत होती, शेवटच्या घरासाठी. आणि ती तळाची बारीक धार म्हणजे खड्ड्यात उतरून कळशी भरणारी अक्का. मी बाईंना ते सगळं सांगितलं, मोटारींसकट. त्या शहाण्या होत्या, त्यांनाही लगेच कळलं. मग त्यांनी अजून एक पान उघडलं आणि म्हणाल्या, "पण काका, सुरुवातीची माहितीही तशीच आहे ना. सर्व घरं भरायला चाळीस मिनिटं. हे तुमच्याच वहीतून घेतलंय."

पडद्यावर माझं अक्षर होतं. आलं, सहा बत्तीस. शिट्टी, सात बारा. पानामागून पान. चार वर्षांत एकदाही मी अक्काचं सहावं पिंप किती वाजता भरलं हे लिहिलेलं नव्हतं. चावीवाला कधी उठला हे लिहिलेलं नव्हतं. माझी मोटार बंद झाली की मी टाकीत पट्टी घालून इंच बघायचो, वही मिटायचो आणि आंघोळीला जायचो. फॉर्ममध्ये सर्व घरं असं छापलेलं होतं, आणि मी माझ्या घराची सरासरी काढून सर्व घरांपुढे लिहिली. दोनदा तपासून. कारखान्यात कुणी टॉवेलचं एकच टोक मोजून पूर्ण लांबी लिहिली असती तर मी त्याची सही घेऊन वर कळवलं असतं.

मी विचारलं, आता हाताने वेळ वाढवता येईल का? त्या म्हणाल्या, ते बटण आमच्याकडे नाही, ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांच्याकडे आहे, आणि एका घरासाठी ते नियम बदलत नाहीत. मी लिहिते, पण वेळ लागेल. तोवर गल्लीचा वापर बदलला तर ते आपोआप नवं शिकेल. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मोटारी बंद करू नका. चालू दिसल्या पाहिजेत."

बाहेर पडताना आवारात चावीवाला भेटला, कुंड्यांना पाणी घालत होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, मी वर बगत बसायचो. त्या डब्याला मान हाय का वर करायला?" आणि पुढच्या कुंडीकडे गेला.

पुढचे दोन महिने मी तक्रारी केल्या. ॲपमध्ये तक्रारीचे चारच प्रकार होते: पाणी आलं नाही, गढूळ आलं, दाब कमी, गळती. मी दर खेपेला दाब कमी हे निवडून खाली सगळं लिहायचो. तासाभरात उत्तर यायचं, चांगल्या शुद्ध मराठीत, ऱ्हस्वदीर्घाचीसुद्धा चूक नाही. आपल्या गल्लीत पुरेसा दाब नोंदला गेला आहे, आपल्या गल्लीची गरज पूर्ण झाली आहे, तक्रार निकाली काढण्यात येत आहे. अशा अकरा तक्रारी निकाली निघाल्या. खोटं त्यात काही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी दाब होताच.

तोपर्यंत वेळ बावन्न मिनिटांवर आला होता. अक्काला बारा मिनिटं मिळायची, त्यांतली पहिली सहा-सात नळीतली हवा निघण्यात जायची. आम्ही आमच्या टाकीतून तिला पाणी द्यायला लागलो. बायको आणि मी एक-एक घागर वर नेत होतो. तिने तीन आठवडे घेतलं. मग ती बायकोला म्हणाली, "वैनी, प्यायला द्या, नको म्हनत न्हाय. पर धंद्याचं पाणी मागून आनायचं म्हंजी रोज कुनाच्या तरी दारात हुबं ऱ्हायचं. ते मला व्हनार न्हाय."

तेव्हा मी गणित मांडलं. क्रम उलटा करायचा. आधी अक्का, मग आपण. पाणी आलं की पहिली पंचवीस मिनिटं एकही मोटार लावायची नाही, पाणी सरळ वर जाईल. पंचविसाव्या मिनिटाला शिट्टी, मग उरलेली सत्तावीस मिनिटं सगळ्या मोटारी. टाक्या पूर्ण भरणार नाहीत, पण दोन-तृतीयांश भरतील. आणि शेवटपर्यंत मोटारी चालू दिसल्या की यंत्र वेळ वाढवत नेईल, हा माझा अंदाज. अंदाज हा शब्द मी तेव्हा वापरला नाही. मी म्हणालो, हिशेब. घरोघरी जाऊन, कागदावर काढून दाखवून, बाकीच्या बारा घरांकडून मी होकार घेतला. काहींनी मनापासून दिला, काहींनी कंडक्टरांच्या भिडेखातर. कंडक्टर मला म्हणाले, "मास्तर, गाडी रिव्हर्समध्ये घालताय. मागं बघणारा माणूस पक्का आहे ना?" मी म्हटलं, मी आहे.

पहिल्या खेपेला जमलं. गल्लीत एकही मोटार वाजत नव्हती. मी वर अक्काच्या अंगणात उभा होतो. पाणी नवव्या मिनिटाला खड्ड्यात आलं आणि पंचविसाव्यापर्यंत साडेतीन पिंपं झाली. अक्का कळशी भरतच राहिली. मग शिट्टी झाली आणि मोटारी लागल्या. दुसऱ्या खेपेलाही जमलं.

तिसऱ्या खेपेला बाविसाव्या मिनिटाला नळ सूं सूं आवाज करायला लागला. मला वाटलं कुणीतरी मोटार लावली. मी धावत खाली आलो. एकही मोटार चालू नव्हती. तेरा घरची माणसं शिट्टीची वाट बघत बटणाशी उभी होती. व्हॉल्व्ह बंद झाला होता. त्याच वेळी मोबाइलवर निरोप आला, की आपल्या गल्लीची गरज पूर्ण झाली आहे, पाणी जपून वापरल्याबद्दल धन्यवाद. दोन खेपा पहिली पंचवीस मिनिटं गल्ली जवळजवळ काहीच ओढत नाही, हे यंत्राने बघितलं होतं. तिसऱ्या खेपेला त्याने आणखी वाट बघितली नाही.

पाच दिवस तेरा घरांना नळाचं पाणी नव्हतं. अक्काकडे तीन पिंपं होती. तिने दोन पिंपं गल्लीत वाटली. तेरा घरांना दोन पिंपं म्हणजे घरटी दोन कळशा. ती स्वतः दारोदार ओतत फिरली आणि कुणी तिच्याकडे वर बघून बोललं नाही. चौथ्या घरातल्या सुनेचं बाळ दीड महिन्याचं होतं. तिची सासू माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एका घरासाठी तेरा घरं उन्हात बसवलीत. आता तुमची वही धुवा आणि ते पाणी प्या." मी खात्यात फोन केला, बाईंनी टँकर पाठवते म्हणून सांगितलं, आणि टँकर तिसऱ्या दिवशी आला.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी पहिल्या मिनिटाला तेरा मोटारी लागल्या. गल्ली ओढतेय म्हणून यंत्रानेही पाणी बंद केलं नाही. कंडक्टरांनी चाळिसाव्या मिनिटाला शिट्टी मारली. एकही मोटार थांबली नाही. त्यांनी परत मारली. मग ते आत गेले आणि त्यांच्या घरातली मोटारही चालूच राहिली. माझी टाकी भरून वाहत होती. मी बटणाशी गेलो होतो. बायको म्हणाली, बंद करून काय होणार, बारा मोटारी ओढणारच आहेत, आणि आपली बंद दिसली तर वेळ परत कापेल. तिचं गणित बरोबर होतं. मी बटणाला हात लावला नाही. गच्चीवरून पडणारं पाणी गल्लीतून उताराने खाली वाहत होतं, तेरा घरांचं, आणि चढावर अक्का कोरड्या खड्ड्याच्या कडेला कळशी घेऊन उभी होती. मला ती माझ्या दारातून दिसत होती. पुढच्या खेपांना साठ मिनिटं, मग सत्तर. यंत्र वेळ वाढवायला लागलं होतं. पाच-सहा खेपांत आम्हाला जवळजवळ पूर्वीइतका वेळ मिळायला लागला, आणि तो सगळा मोटारी ओढायच्या. ज्यांच्या टाक्या लहान होत्या त्यांनी मोठ्या घेतल्या. हिरवं पान गेलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पूर्ण शहरात पाणी वाचलं असेल. बाईंनी मला नंतर एकदा आकडे दाखवले, ते खोटे असतील असं मला वाटत नाही. चौकातली गळती थांबली हे तर मी डोळ्यांनी बघितलं. म्हणून मला या सगळ्याचा राग कुणावर काढता येत नाही. कुणी चोरी केली नाही. कुणी लाच घेतली नाही. आमच्या गल्लीत इतकी वर्षं नियमात न बसणारी मोटार होती आणि कुठल्याच नियमात न लिहिलेली शिट्टी होती. मोटार उरली.

अक्काने पावसाळा संपेपर्यंत बोअरच्या पाण्यावर काढलं. दुसऱ्या दुकानानेही माल बंद केला. मग एका दुपारी ती घरी आली. मुलीकडे माढ्याला जाते म्हणाली, जावई चांगला आहे, तिथं ओट्यावर बसून भाकऱ्या करीन म्हणाली, जमलं तर. घर विकत का नाही, असं बायकोने विचारलं. पाणी न येणारं घर कोण घेणार, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, बघू.

मी तिला सांगितलं. इतके दिवस सांगायचं राहिलं होतं. यंत्राला चाळीस मिनिटं हा आकडा मीच दिला होता, आणि त्यात तुझं घर मोजायचं राहिलं होतं, हे मी शब्द न गाळता सांगितलं. ती पदराने मान पुसत ऐकत होती. ऐकून म्हणाली, "म्हायतीय की मला. तुमची मोटार थांबली की तुमी आत जायचा. मी वरनं रोज बगायची."

बायकोने चहा केला. तो पिऊन अक्काने पिशवीतून पाण्याच्या नळाचे कागद काढले. घर बंद राहणार, तर नळ तोडून घ्यायचा होता, नाहीतर पाणीपट्टी येत राहते. तुमचं अक्षर चांगलं आहे, अर्ज तुम्हीच भरा म्हणाली. मी मोबाइलवर अर्ज उघडला. नाव, घर क्रमांक, नळ क्रमांक भरला. मग जोडणी बंद करण्याचं कारण विचारलं होतं. मी थांबलो. खरं कारण लिहायचं तर त्या रकान्यात मावणार नव्हतं, आणि मावलं असतं तरी मी अकरा वेळा ते लिहून बघितलं होतं.

मी विचारलं, "काय लिहू, अक्का?"

ती उठून पदर खोचत होती. म्हणाली, "लिवा की. गरज न्हाय."

मी तसंच लिहिलं, फक्त शुद्ध करून. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.